रुखवताचे पैसे

"काकी, तो लाडू उचलू नका. तो गोठ्याचा खांब आहे."

मी म्हणेपर्यंत काकींनी तो उचललाच होता. छप्पर एका अंगाला कललं आणि चिरोट्यांची दोन कौलं घसरून सुपारीच्या गाईवर पडली. काकी म्हणजे आमच्या ह्यांची चुलती. त्यांनी लाडवाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि लाडू तोंडात टाकला.

"मला काय ठावं बाई," त्या खाता खाता म्हणाल्या. "मी म्हटलं जास्तीचा हाय. पर चव झकास झालीय बघ."

साताऱ्यातल्या त्या मंगल कार्यालयात सकाळपासून माझं हेच चाललं होतं. एका हाताने मांडायचं आणि दुसऱ्या हाताने राखण करायची. माझ्या नणंदेच्या मुलीचं, हर्षदाचं लग्न होतं आणि रुखवताची दोन लांबलचक टेबलं माझ्या ताब्यात होती. जावई गुराढोरांचे डॉक्टर, म्हणून मी गोठा केला होता. खांब रव्याच्या लाडवांचे, कौलं चिरोट्यांची, गाई सुपारीच्या आणि त्यांना लवंगांची शिंगं. बाजूला शेवयांची गंजी. दाराशी खारकेचा डॉक्टर उभा होता आणि त्याच्या गळ्यात काळ्या रेशमाचा स्टेथोस्कोप. बघायला येणारी प्रत्येक बाई आधी हसायची, मग तोंडावर हात ठेवायची आणि मग ठरलेलं वाक्य म्हणायची.

"हौस दांडगी हो तुम्हाला."

वीस वर्षं मी हे वाक्य ऐकत आले होते. माहेरचं लग्न असो, सासरचं असो, शेजारचं असो, रुखवत उज्ज्वलानेच करायचं. महिना महिना पाठ मोडेपर्यंत बसायचं, सामान बहुतेक वेळा पदरचं घालायचं आणि शेवटी साडी घ्यायची. आमच्याकडे घरच्या बाईला कामाचे पैसे देत नाहीत. पैसे दिले तर ती परकी होते म्हणे. तिला साडी देतात, हळदकुंकू लावून, नारळ ठेवून, चारचौघांत नाव पुकारून. ती साडीही बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी लग्नातून फिरत आलेली असते. एकदा तर मीच दिलेली साडी मला परत आली होती. काठाजवळच्या डागावरून मी ती ओळखली, आणि तरी हसून नमस्कार केला. कपाटाचा एक अख्खा खण अशा साड्यांनी भरला होता. एकीलाही फॉल लावलेला नव्हता, कारण फॉलचे पैसे मलाच घालावे लागले असते.

त्या वर्षी मात्र मला हौस परवडणार नव्हती. आदल्या दिवाळीत कऱ्हाडजवळचा ह्यांचा कारखाना बंद पडला. तिथे हे स्टोअरकीपर होते, लग्नाच्या आधीपासून. वय एक्कावन्न. चार ठिकाणी अर्ज घेऊन गेले, चारही ठिकाणी पोरगेल्या साहेबांनी त्यांना 'काका' म्हणून चहा पाजला आणि कळवतो म्हणाले. मुलगा शिकत होता. कारखान्यातून मिळालेले पैसे बँकेत होते, पण ते कुठवर पुरणार हे मला कळत होतं आणि ह्यांना कळून घ्यायचं नव्हतं. शेवटी एक दिवस मी म्हटलं, मला एकच काम असं येतं की ज्याला लोक पैसे मोजतील, आणि तेच मी आजवर फुकट केलं. कऱ्हाडला मंगळवार पेठेत एक गाळा रिकामा होता. तिथे बसायचं, रुखवताच्या ऑर्डरी घ्यायच्या. सत्तेचाळीसाव्या वर्षी मी नव्याने कमवायला निघाले होते.

"बघू," हे म्हणाले.

ह्यांची अट एकच. कारखाना बंद पडल्याचं नात्यात कुणाला कळता कामा नये. दूधवाल्याला माहीत होतं, इस्त्रीवाल्याला माहीत होतं, पण सख्ख्या बहिणीला कळायला नको. तिचा फोन आला की हे पलंगावर आडवे पडल्या पडल्या सांगायचे, "आत्ताच ड्यूटीवरनं आलो बघ अक्का." मी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात आपटायचे. त्याने काही होत नसे, पण मला बरं वाटायचं.

आणि मग वन्संचाच मला फोन आला. वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण, हर्षदाची आई शकुंतला. बोलायला फटकळ, पण व्यवहाराला चोख. "उज्ज्वला, रुखवत तुझंच. मोठं कर. जावयांच्या कामाचं काहीतरी कर, गोठाबिठा. खर्चाला मागंपुढं बघू नको, पैशाचं मी बघते."

आमच्या नात्यात रुखवताच्या संदर्भात पैसे हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. माझी भिशी लागली होती, ती सगळी सामानात घातली. ह्यांना म्हटलं, तुमचीच बहीण आहे, आकडा तुम्हीच ठरवून या. हे साताऱ्याला गेले, जेवून आले.

"बोललात का?"

"बोललो."

"किती देतायत?"

"लग्नात बघू म्हणाली. तू कशाला काळजी करतेस?"

काळजी मी करत नव्हते, ती आपोआप होत होती. गाळ्याच्या मालकाने अनामत रक्कम आणून द्यायला सोमवारपर्यंतची मुदत दिली होती. नाहीतर मोबाइल दुरुस्तीवाला टपून बसलेला होता. आणि लग्न होतं रविवारी. म्हणजे त्या दिवशी हातात पैसे पडले तर गाळा, नाहीतर पुन्हा साडी.

काकींनी खाल्लेल्या खांबाच्या जागी दुसरा लाडू बसवला आणि मी ह्यांना शोधायला गेले. हे नवरीच्या खोलीबाहेर आरशासमोर उभे होते. नवरीचे मामा, म्हणून भगवा फेटा बांधला होता.

"अहो, वन्सं काही बोलल्या का?"

"कशाबद्दल?"

"रुखवताबद्दल."

"सगळे नावाजतायत की," हे फेट्याचा तुरा सरळ करत म्हणाले.

"नावाजण्याचं नाही. पैशाचं विचारतेय."

"हळू बोल. लग्नघरात पैशाचं काढतात का?"

"मग कुठं काढतात? उद्या गाळ्याच्या मालकाला काय सांगू, लोकांनी नावाजलं म्हणून?"

"कार्य पार पडू दे. आज मी मामा आहे, उज्ज्वला."

"ते दिसतंय. फेटा तुमच्यापेक्षा मोठा आहे."

तेवढ्यात आतून गुरुजींनी मामांना हाक मारली आणि हे सुटल्यासारखे निघून गेले. थोड्या वेळाने भाचीचा हात धरून बोहल्याकडे आले. डोळे भरलेले, मान ताठ. महिन्यामागून महिने अंगात बनियन घालून खिडकीशी बसलेला माणूस तो हाच, हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. हे मला देखणे दिसले, आणि ऐन रागात देखणे दिसले याचाही मला राग आला.

अक्षता पडल्या. मी अक्षता टाकल्या त्या वन्संकडे बघत. त्या पाहुण्यांत फिरत होत्या, हसत होत्या, कुणाला जेवून जायचा आग्रह करत होत्या. दोनदा माझ्या शेजारून गेल्या आणि दोन्ही वेळा "दमलीस गं" एवढंच म्हणाल्या. दमले हे मला माहीत होतं. माझ्या मनाने एव्हाना घेतलंच होतं की बाई फोनवर गोड बोलल्या आणि आता अंग काढून घेतायत. चोख म्हणून नावाजलेली माणसं घरच्यांशीच तशी वागत नाहीत, असं काय काय मी मनात बोलून घेतलं.

मग मानपान सुरू झालं. व्यासपीठावर एक भाचा माइक घेऊन नावं पुकारत होता. विहीणबाई, आत्याबाई, काकी. प्रत्येकीला कुंकू, नारळ, साडी. मग पुकारा झाला, "नवरीच्या मामी, सौभाग्यवती उज्ज्वला जयवंत पिसाळ."

मी वर गेले. हे मागे बाकीच्या फेटेवाल्यांत उभे होते. वन्संनी मला कुंकू लावलं आणि ताट पुढे केलं. ताटात नारळ आणि शेवाळी रंगाची साडी. काठ बरे होते, हे मी नाकारत नाही. पण ती घडी बघितली आणि माझ्या कपाटातला तो खण डोळ्यांपुढे आला, आणि सोमवार आला, आणि तो मोबाइल दुरुस्तीवाला.

"वन्सं, साडी राहू दे," मी म्हटलं. "मला रुखवताचे पैसे द्या."

मी हळूच म्हटलं होतं. पण भाच्याने माइक बंद केलेला नव्हता आणि तो माझ्या खांद्याशी उभा होता. माझे पैसे सगळ्या कार्यालयात घुमले. पंगतीची ताटं मांडणारी माणसंसुद्धा थांबली. नवरदेवाकडच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. काकींचा आवाज तेवढा स्पष्ट ऐकू आला, "काय म्हनली ती?"

वन्संनी भाच्याच्या हातातून माइक काढून घेतला, बंद केला आणि त्याच्याकडे असं पाहिलं की तो पायऱ्या उतरून गेला. मग ताट माझ्या छातीला टेकवून खालच्या आवाजात म्हणाल्या, "साडी उचलून बघायच्या आधीच बोंबललीस होय?"

मी घडी उचलली. खाली पाकीट होतं. चांगलं जाड.

"हे मी तुझ्या नवऱ्याला तेव्हाच दिलं होतं, तो आकडा ठरवायला आला तेव्हा," त्या म्हणाल्या. "जेवला, पाकीट देवापुढं ठेवलं आणि निघून गेला. म्हणाला, मामानं भाचीच्या रुखवताचे पैसे घेतले तर लोक तोंडात शेण घालतील. आणि म्हणाला, उज्ज्वलाला काही बोलू नको, तिचं ती हौसेनं करतीय."



"कारखाना बंद पडलेला मला संक्रांतीलाच कळलाय," वन्सं म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्या ऑफिसात कऱ्हाडचा माणूस आहे. आणि फोन केला की हा आपला ड्यूटीवरनं आलेला असतो, रविवारीसुद्धा. मी काय खुळी आहे? सरळ पैसे दिले तर घ्यायचा नाही, म्हणून रुखवत काढलं. नाहीतर माझ्या पोरीला गोठा कशाला हवा होता गं?"

हे शेवटचं मला जरा लागलं. पण रागवायला सवड नव्हती, कारण सगळा राग वन्संवरून उठून ह्यांच्याकडे निघाला होता. मी मान वळवून बघितलं. सगळं ऐकू येईल इतके जवळ हे उभे होते. फेट्याखाली चेहरा पांढरा पडला होता.

"घे आता, आणि साडीच्या खाली ठेव," वन्सं म्हणाल्या. "वर आणखी शोभा नको."

"खाली नको वन्सं."

"म्हणजे?"

"पाकीट वर ठेवा, आणि तसंच द्या. साडी तुम्ही हौसेनं देताय तर घेते, पण पाकीट वर. सगळ्यांनी ऐकलंय, आता सगळ्यांना बघू दे. नाहीतर उद्या यांतली एकही बाई मला पैसे द्यायची नाही."

 वन्संनी पाकीट घडीवर ठेवलं, त्यावर कुंकू वाहिलं, ताट दोन्ही हातांनी उचललं आणि मोठ्याने म्हणाल्या, "रुखवत फार सुरेख केलंस उज्ज्वला. हे तुझ्या कामाचे."

मी वाकून नमस्कार केला.  पाकीट घेऊन वळले तर मागच्या रांगेत भगव्या फेट्यांतला एक फेटा कमी झाला होता.

जेवणाच्या पंगतीत हे नव्हते. नवरीच्या खोलीत नव्हते, गाडीतळावर नव्हते. पाकीट पर्समध्ये, पर्स काखेत घट्ट, आणि मी कार्यालयभर फिरत होते. मनात म्हणत होते, रुसले असतील तर रुसू देत. माझी भिशी संपवायला लावली, मला बहिणीच्या तोंडावर वाईट केलं, वर माझ्या घामाला हौस म्हणाले. एका बाजूने हे चाललं होतं आणि दुसऱ्या बाजूने मी प्रत्येक दाराआड डोकावत होते. चारचौघांत ज्या माणसाने कधी आवाज चढवला नाही, त्याची झाकलेली मूठ मी माइकवर उघडली होती. पाठीमागे नदीच्या बाजूला रस्ता जातो, तिकडेही जाऊन आले. बरं नाही वाटलं मला तेव्हा, ते खरंच सांगते.

परत रुखवताच्या टेबलाशी आले तर तिथे नवरदेवाची मावशी उभी होती. फलटणच्या बाई, अंगावर भरपूर सोनं, हातात मोबाइल. गोठ्याचे फोटो काढत होत्या.

"हे तुम्हीच केलं ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आमच्या पुतणीचं लग्न आहे वैशाखात. जावई एसटीत आहेत. एसटी करता येईल का अशी? आख्खा स्टँड?"

"येईल की." माझं डोकं लगेच चालू लागलं. बुंदीचे दिवे, शंकरपाळ्यांच्या खिडक्या.

"तुम्ही पैसे घेता म्हणे," बाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, सरळ चौकशी होती. "मघाशी ऐकलं आम्ही. ते बरं असतं हो. नात्यातल्या बाईला सांगायचं म्हणजे तिच्या मर्जीनं घ्यावं लागतं. तुमचं किती होईल?"

 व्यासपीठावर शेपाचशे माणसांसमोर पैसे मागितले होते, ते रागात. आता एक अनोळखी बाई शांतपणे भाव विचारत होती, आणि मला आकडा सांगता येईना. घरी मनाशी ठरवलेला आकडा होता, सहा हजार.  त्याऐवजी जिभेवर जुनंच वाक्य यायला लागलं, की अहो राहू द्या, पैशाचं काय एवढं. वीस वर्षांची सवय. ते ओठांपर्यंत आलं होतं. आणखी एक क्षण गेला असता तर मी ते बोलून बसले असते, आणि गाळा भाड्याने घेऊनही तिथे साड्याच साठवत बसले असते.

"दहा हजार होतील," मागून आवाज आला. "निम्मे आधी द्यावे लागतात. सामान आमचं, आणून मांडून देणं आमचं. पण फलटणला यायचं म्हणजे गाडीभाडं वेगळं."

हे उभे होते. फेटा काढून टाकला होता, केस कपाळाला चिकटले होते. हातात पत्रावळीवर जिलेबी होती आणि ती ह्यांनी खाल्लेली नव्हती, नुसती धरली होती.

बाईंनी ह्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही मघाचे मामा ना?"

"हो. नवरीचा मामा. हिचा नवरा."

"तुम्ही काय करता?"

 कारखान्यात आहे, स्टोअर बघतो, एवढं सांगून टाकायला हे मोकळे होते. फलटणची बाई, तिला काय कळणार होतं.

"कारखान्यात होतो," हे म्हणाले. "तो बंद पडला दिवाळीत. आता हिच्याकडं कामाला आहे."

"अस्सं," बाई म्हणाल्या आणि पर्स उघडून आगाऊ रक्कम किती ते पुन्हा विचारू लागल्या. त्यांना त्यात काहीच विशेष वाटलं नव्हतं. हे त्यांना सावकाश समजावून सांगत होते, एसटी केवढी, टेबल केवढं लागेल, आदल्या दिवशी हॉल मोकळा मिळेल का. स्टोअरमध्ये ट्रक उतरवून घेताना बोलायचे तसं.

सख्ख्या बहिणीपासून लपवलेली गोष्ट या माणसाने पत्रावळीवरची जिलेबी सांभाळत एका परक्या बाईला सांगून टाकली होती, आणि वर मला न विचारता माझा भाव चार हजारांनी वाढवला होता. इतका संताप आला होता मला, की मी ह्यांच्याकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर तिथेच रडले असते, आणि पहिल्याच गिऱ्हाइकासमोर रडणं बरं दिसलं नसतं.